विकत घेतलेले सुलतान

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील गोष्ट. दमास्कसच्या बाजारात किपचाक तुर्क जमातीचा एक किशोरवयीन मुलगा ८०० दिरहमना विकला गेला. उंचापुरा, सावळ्या वर्णाचा, निळ्या डोळ्यांचा आणि खणखणीत आवाजाचा. सौदा पुरा झाल्यावर खरेदीदाराने त्याला पुन्हा निरखून पाहिले, तेव्हा एका डोळ्यात पांढरा ठिपका आढळला. माल सदोष ठरला आणि परत करण्यात आला. पुढे एका अमीराने त्याला ठेवून घेतले. त्या अमीरावर सुलतानाची इतराजी झाली तेव्हा त्याच्या मालमत्तेबरोबर हा मुलगाही सरकारजमा झाला. १२६० साली हाच मुलगा इजिप्त आणि सीरियाचा सुलतान झाला. त्याचे नाव बैबर्स. सतरा वर्षे त्याने राज्य केले.

बैबर्सची कथा एकट्याची असती, तर तिला दैवयोग म्हणून बाजूला ठेवता आले असते. परंतु १२५० ते १५१७ या काळात कैरोच्या तख्तावर जे सुलतान बसले, त्यांच्यापैकी बरेच जण बैबर्सप्रमाणेच बाजारात मोल ठरवून घेतलेले होते. कलाऊन नावाच्या सुलतानाला तर लोक ‘अल-अल्फी’, म्हणजे ‘हजारी’ म्हणत; कारण त्याची खरेदी १,००० दिनारांना झाली होती. ही किंमत त्याच्या नावात अभिमानाने मिरवली जाई. उलट पंधराव्या शतकातील थोर सुलतान काइतबाय अवघ्या ५० दिनारांत मिळाला होता असे सांगतात. किंमत आणि योग्यता यांचा मेळ बसतोच असे नाही, हे बाजारात वावरणाऱ्यास वेगळे सांगायला नको.

‘ममलूक’ या अरबी शब्दाचा अर्थच मुळी ‘ज्याची मालकी दुसऱ्याकडे आहे असा’. शालेय इतिहासात दिल्लीचे ‘गुलाम घराणे’ सर्वांनीच वाचलेले असते. कुतुबुद्दीन ऐबक आणि इल्तुतमिश हे त्याच परंपरेतले. या प्रथेला संघटित रूप आले ते नवव्या शतकात, बगदादच्या अब्बासी खलिफांच्या काळात. खलिफा अल-मुतसिम याने तुर्क गुलामांची मोठी फौज उभारली. त्यामागील हिशेब सरळ होता. राज्यकर्त्याला खरे भय असते ते भाऊबंदांचे, सरदार घराण्यांचे आणि टोळीवाल्यांचे. त्यांच्यापाशी जमिनी असतात, सोयरीक असते, जुने हेवेदावे असतात. दूरदेशीहून आणलेल्या पोरक्या मुलाला यांतले काहीच नसते. मालकाचे अन्न, मालकाचे छत्र, मालकाचा शब्द एवढेच त्याचे जग. गोतावळा नसलेला नोकर अधिक निष्ठावान ठरतो, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची धारणा होती. ती अर्धी खरी होती. ममलूक आपल्या मालकाशी बहुधा एकनिष्ठ राहत. परंतु मालकाच्या मुलाशी एकनिष्ठ राहण्याचे त्यांना काही कारण दिसत नसे. इतिहासाचे पुढचे सारे वळण या एका फटीतून आले आहे.

ही मुले येत कोठून? मुसलमानाला गुलाम करणे धर्मशास्त्राने निषिद्ध होते. त्यामुळे माल नेहमी इस्लामी जगाच्या सीमेबाहेरून आणावा लागे. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील अफाट गवताळ प्रदेशात किपचाकांचे कळप हिंडत. १२३० ते १२४० च्या दरम्यान मंगोलांनी हा प्रदेश तुडवला. माणसे विखुरली, अनाथ मुलांचे तांडे बंदरांवर येऊन पडले आणि बाजारात भाव कोसळले. काही मुले पकडून आणलेली होती, तर काहींना दुष्काळाने गांजलेल्या आईबापांनीच विकले होते. नेमक्या याच मंदीत इजिप्तचा अयूबी सुलतान अस-सालिह अयूब याने मोठी खरेदी केली आणि नाईल नदीतील रौदा बेटावर या मुलांसाठी स्वतंत्र किल्ला बांधला. नाईलला तेथे ‘बहर’ म्हणत. त्यावरून या फौजेला ‘बहरी’ हे नाव पडले.

पुढील दोनशे वर्षे हा व्यापार एखाद्या मोठ्या पेढीच्या शिस्तीने चालला. क्रिमियातील काफा हे जिनोआच्या व्यापाऱ्यांचे बंदर त्याचे प्रमुख ठाणे होते. गुलामांनी भरलेली जहाजे बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून जाऊ द्यावीत, यासाठी बैबर्स आणि कलाऊन यांनी बायझंटाईन सम्राटाशी करार केले. पोपने ख्रिस्ती व्यापाऱ्यांना हा व्यवहार निक्षून मना केला होता. शत्रूला सैनिक पुरवणे हे पाप, असे त्याचे म्हणणे. पण काफाची गोदी काही रिकामी राहिली नाही. इकडे कैरोत गुलामांच्या बड्या व्यापाऱ्याला ‘ख्वाजा’ अशी मानाची पदवी असे. मजदुद्दीन अस-सल्लामी या अशाच एका व्यापाऱ्याने १३२३ साली कैरोचा सुलतान आणि इराणचा मंगोल इलखान यांच्यातील तह घडवून आणण्यात मध्यस्थी केली. दोन्ही दरबारांत ज्याची ऊठबस होती असा माणूस व्यापाऱ्यावाचून दुसरा कोण असणार? विकलेल्या मुलाच्या नावापुढे व्यापाऱ्याचे नाव कायमचे जोडले जाई. सुलतान बरकूक हा ‘अल-उस्मानी’, कारण उस्मान नावाच्या व्यापाऱ्याने त्याला आणले. काइतबाय हा ‘अल-महमूदी’, कारण त्याचा विक्रेता महमूद. बापाचे नाव पुसले गेलेल्या मुलाच्या नावात विक्रेत्याचे नाव राहावे, यातले क्रौर्य त्या काळी कोणाला बोचल्याचे दिसत नाही. व्यापाराच्या इतिहासात अभिमानाची पाने पुष्कळ आहेत; हे त्यांतले नव्हे.

कैरोला पोचलेल्या मुलाला किल्ल्यातील बराकीत ठेवले जाई. आरंभीची वर्षे तेथे तलवारीला जागा नव्हती. प्रथम अक्षरओळख, कुराणाचे पठण, धर्मनियम, वागण्याबोलण्याची रीत. खोजे अधिकारी रात्रंदिवस पहारा देत आणि शिस्त कडक असे. मुलगा वयात आल्यावर मग घोडा, भाला, धनुष्य आणि तलवार. धावत्या घोड्यावरून नेमका बाण मारण्याचा सराव अखंड चाले. शिक्षण पुरे झाले की समारंभपूर्वक त्याला मुक्तिपत्र मिळे आणि त्यासोबत घोडा, शस्त्रे व पोशाख. त्या दिवसापासून तो गुलाम राहत नसे; परंतु ‘माजी गुलाम’ हीच त्याची प्रतिष्ठा होई. कर्तबगार असेल तर तो अमीर होई, त्याला गावांच्या महसुलाची नेमणूक मिळे, आणि मग तोही स्वतःसाठी मुले विकत घेऊ लागे. विकणाऱ्याविषयी किंवा विकत घेणाऱ्याविषयी त्याच्या मनात काय येत असेल याची नोंद कोठे सापडत नाही. एका मालकाकडे, एका बराकीत वाढलेल्या मुलांमध्ये मात्र सख्ख्या भावांसारखा बंध तयार होई आणि तो आयुष्यभर टिके. घर हरवलेल्या मुलांनी बराकीतच घर केले होते.

मुक्तिपत्राचे महत्त्व किती होते, हे एका जुन्या कथेवरून ध्यानी येते. अस-सालिह अयूबच्याच कारकिर्दीत इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम नावाचा एक करारी न्यायाधीश होता. काही बड्या अमीरांना रीतसर मुक्त केल्याचा कागदच नाही, असे त्याच्या लक्षात आले. तेव्हा ते अद्याप सरकारी खजिन्याची मालमत्ता आहेत आणि त्यांनी केलेले करारमदार कायदेशीर ठरत नाहीत, असा निर्णय त्याने दिला. अमीर खवळले, धमक्या आल्या. न्यायाधीशाने आपले सामान गाढवावर लादले आणि शहर सोडण्याची तयारी केली, तेव्हा सुलतानाला त्याची मनधरणी करावी लागली. अखेर त्या मातब्बर सरदारांचा भर दरबारात लिलाव पुकारला गेला, चढा भाव घेतला गेला, पैसा लोककार्यासाठी जमा झाला आणि मगच ते मुक्त झाले. कथेत काही भर पडली असेलही; पण कागद पुरा असल्याशिवाय व्यवहार पुरा नाही, हा तिचा गाभा त्या समाजाला पटलेला होता हे नक्की.

सत्तांतर घडले ते एका संकटाच्या निमित्ताने. १२४९ साली फ्रान्सचा राजा नववा लुई मोठे आरमार घेऊन इजिप्तवर उतरला आणि त्याने दमिएत्ता बंदर घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुलतान अस-सालिह वारला. त्याची पत्नी शजर अद-दुर, जी स्वतः पूर्वाश्रमीची दासी होती, तिने मृत्यूची वार्ता दाबून ठेवली आणि सुलतानाच्या नावाने फर्माने सुटत राहतील अशी व्यवस्था केली. फेब्रुवारी १२५० मध्ये मन्सुराच्या गल्ल्यांत ममलूकांनी फ्रेंच घोडदळाची धूळधाण उडवली आणि काही आठवड्यांत राजा लुई स्वतः कैद झाला. दरम्यान सुलतानाचा मुलगा तुरानशाह येऊन पोचला होता. त्याने बापाच्या विश्वासू ममलूकांना दूर सारून स्वतःची माणसे पुढे आणायला आरंभ केला. नव्या धन्याने गादीवर बसताच जुन्या मुनिमांना हटवावे, असा तो प्रकार. फरक इतकाच की हे मुनीम सशस्त्र होते. मे महिन्याच्या आरंभी त्यांनी तुरानशाहला ठार केले आणि शजर अद-दुरला तख्तावर बसवले. तिच्या नावाची नाणी पडली. एका स्त्रीचे राज्य बगदादच्या खलिफाला मान्य झाले नाही. सुमारे ८० दिवसांनी ऐबक नावाच्या ममलूक अमीराशी विवाह करून तिने सत्ता त्याच्या हाती दिली. हा विवाह सुखाचा ठरला नाही. १२५७ मध्ये तिने ऐबकचा खून करविला आणि थोड्याच दिवसांत तीही मारली गेली.

विकत घेतलेल्या माणसांना राज्य करण्याचा अधिकार काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी रणांगणावर दिले. १२५८ मध्ये हुलागूच्या मंगोल फौजेने बगदाद जाळले आणि खलिफाला ठार केले. १२६० साली त्याचे दूत कैरोत शरणागतीचे पत्र घेऊन आले. सुलतान कुतुझ याने दूतांची मुंडकी उडवून झुवैला दरवाजावर टांगली. दूतहत्या कोणत्याही नीतीत बसत नाही. पण त्या कृत्याने माघारीचे दोर कापले गेले. ३ सप्टेंबर १२६० रोजी पॅलेस्टाईनमधील ऐन जालूत येथे मंगोलांचा सेनानी कितबुगा मारला गेला आणि त्याच्या फौजेचा पूर्ण पराभव झाला. ज्यांच्या टाचेखाली आपले बालपण चिरडले गेले, त्यांनाच या किपचाक मुलांनी अडवले होते. विजयी फौज कैरोला परतण्याआधीच बैबर्स व त्याच्या साथीदारांनी कुतुझचा खून केला. बैबर्स सुलतान झाला.

आता या व्यवस्थेतील सर्वांत विलक्षण नियमाकडे वळले पाहिजे. ममलूकाचा मुलगा ममलूक होऊ शकत नसे. तो स्वतंत्र जन्मलेला, मुसलमान घरात वाढलेला, शहराच्या सुखात रुळलेला. म्हणून त्याला गुलाम करता येत नव्हते आणि गुलाम नसल्याने बराकीतून वर चढण्याचा मार्गही त्याला बंद होता. अशा मुलांना ‘अवलाद अन-नास’, म्हणजे ‘बड्या लोकांची लेकरे’, म्हणत. त्यांना दुय्यम पथकात जागा मिळे, निर्वाहाची सोय होई. खरी सत्ता मात्र पुन्हा समुद्रापलीकडून आलेल्या नव्या मुलांच्या हाती जाई. प्रत्येक पिढीला नवे भांडवल बाहेरून आणायचे, असा जणू पेढीचा दंडक होता. उत्तर आफ्रिकेतील थोर इतिहासकार इब्न खलदून १३८३ मध्ये कैरोला आला, तेव्हा त्याने या पद्धतीची मनापासून प्रशंसा केली. ऐषारामाने राज्ये सडतात आणि गवताळ प्रदेशातून येणारे ताजे रक्त ती सडण्यापासून वाचवते, असा त्याचा अभिप्राय होता.

सिद्धांत सुबक आहे. पण बापाचे मन सिद्धांत मानत नाही. प्रत्येक सुलतान मरताना मुलालाच गादीवर बसवू पाहत असे. कलाऊनचे वंशज तर १३८२ पर्यंत, जवळजवळ शंभर वर्षे, नावाने तरी सुलतान राहिले. त्याचा मुलगा नासिर मुहम्मद तीनदा तख्तावर बसला आणि दोनदा उतरला. पंधराव्या शतकात मात्र रीतच पडून गेली. सुलतान वारला की त्याच्या अल्पवयीन मुलाला बसवायचे, काही महिने अमीरांनी आपापले बळ अजमावायचे आणि जो वरचढ ठरेल त्याने मुलाला बाजूला करून स्वतः बसायचे. मुलगा म्हणजे केवळ जागा धरून ठेवणारी उशी.

सत्ता देता येत नाही, मग निदान संपत्ती तरी द्यावी. परंतु अमीराला मिळालेला जमिनीचा महसूल त्याच्या मृत्यूबरोबर सरकारजमा होई, आणि रोख संपत्तीवर पुढच्या सुलतानाचा डोळा असे. यातून सुटण्याचा मार्ग एकच होता आणि तो म्हणजे वक्फ. मशीद, मदरसा, पाणपोई किंवा रुग्णालय बांधायचे, त्यासाठी दुकाने, गिरण्या व शेते कायमची लावून द्यायची आणि व्यवस्थापक म्हणून आपल्या मुलानातवांची नेमणूक करायची. खर्च भागून उरलेल्या उत्पन्नावर वंशजांचा हक्क राही. धर्मादाय विश्वस्त निधीच्या आधाराने कुटुंबाची सोय लावण्याची ही कला भारतीय वाचकाला अपरिचित नाही. आज जुन्या कैरोत पावलोपावली जे भव्य घुमट आणि मिनार दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या पायाखाली श्रद्धेबरोबर बापाची ही चिंताही आहे. आणि गादीला मुकलेल्या या मुलांपैकी काहींनी लेखणी धरली. इब्न तघ्रीबिर्दी हा दमास्कसच्या ममलूक सुभेदाराचा मुलगा. इजिप्तच्या इतिहासाचे त्याने लिहिलेले खंड आजही प्रमाण मानले जातात. बापांनी गाजवलेली सत्ता आपल्याला ठाऊक आहे ती बरीचशी वंचित मुलांच्या लेखणीतून.

चौदाव्या शतकाच्या मध्यापासून या पेढीचा ताळेबंद बिघडू लागला. १३४७–४८ मध्ये प्लेगची साथ आली आणि नंतर ती वारंवार येत राहिली. नव्याने आणलेली परदेशी मुले तिला सर्वांत आधी बळी पडत. म्हणजे खेड्यांत शेतकरी मरत होता म्हणून महसूल घटला, आणि बराकीत मुले मरत होती म्हणून खरेदीचा खर्च वाढला. आता किपचाकांऐवजी कॉकेशसमधील चर्केस मुले येत होती, आणि १३८२ पासून सत्ताही त्यांच्याकडे गेली. १४२२ मध्ये तख्तावर आलेल्या बर्सबाय या सुलतानाने तूट भरून काढण्यासाठी व्यापारावर हात टाकला. प्रथम जेद्दा बंदराची जकात आपल्याकडे वळवली, मग मिरीचा व्यापार सरकारी मक्तेदारीत घेतला. भारतातून तांबड्या समुद्रामार्गे येणारी मिरी सुलतानाच्या भावाने घ्यायची आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी सुलतानाच्याच भावाने उचलायची. पिढ्यान्‌पिढ्या हा व्यापार ज्यांच्या हाती होता ते कारिमी व्यापारी, जे अडीअडचणीला सुलतानांनाही कर्ज देत, काही दशकांत नामशेष झाले. काहींनी सरकारी अडत्याची नोकरी पत्करली. बर्सबायच्या खजिन्यात तात्पुरती भर पडली आणि सायप्रसवरील स्वारीचा खर्चही निघाला. पण कर्ज देऊ शकेल असा स्वतंत्र सावकार राज्यात उरला नाही. पुढे जेव्हा खरी गरज पडली तेव्हा सुलतानांना दुकानांचे भाडे आगाऊ वसूल करण्यापर्यंत आणि वक्फांच्या उत्पन्नावर हात घालण्यापर्यंत उतरावे लागले.

ती गरज पश्चिम किनाऱ्यावरून आली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला आणि पोर्तुगिजांनी तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजे लुटायला सुरुवात केली. सुलतान कानसूह अल-घौरी याने गुजरातच्या सुलतानाशी संधान बांधून अमीर हुसेन अल-कुर्दी याच्या हाताखाली आरमार पाठवले. इजिप्तमध्ये जहाजाजोगे लाकूडही नव्हते. ते समुद्रापलीकडून आणावे लागले. मार्च १५०८ मध्ये आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल बंदरात या आरमाराने, दीवचा सुभेदार मलिक अयाझ याच्या होड्यांच्या साहाय्याने, पोर्तुगीज ताफ्याचा पराभव केला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेंसो तेथे मारला गेला. हा मलिक अयाझ स्वतःही एके काळी गुलाम होता. पण पुत्रशोकाने पेटलेला व्हाइसरॉय ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवसमोर उभा राहिला आणि त्या एका दिवसात मिसरी आरमार संपले.

खुद्द ममलूकांना समुद्राचे प्रेम नव्हतेच, तोफाबंदुकांचेही नव्हते. घोड्यावरचा धनुर्धर हीच त्यांची ओळख. पायी उभे राहून बंदूक झाडणे त्यांना हलके काम वाटे. अल-घौरीने बंदूकधारी पथक उभारले, परंतु त्यात भरती केली ती हबशी गुलामांची, ‘अवलाद अन-नास’ची आणि इतर किरकोळ लोकांची, बराकीत वाढलेल्या ममलूकांनी त्या पथकाचा सतत दुस्वास केला. २४ ऑगस्ट १५१६ रोजी अलेप्पोजवळ मर्ज दाबिक येथे उस्मानी सुलतान सलीमच्या तोफांनी फैसला केला. अलेप्पोचा सुभेदार ऐन लढाईत फितूर झाला, आणि सत्तरी ओलांडलेला अल-घौरी रणातच मरण पावला. त्याचे शवही सापडले नाही. जानेवारी १५१७ मध्ये कैरो पडले. अखेरचा सुलतान तुमानबाय काही आठवडे झुंजला, पकडला गेला, आणि एप्रिलमध्ये त्याला झुवैला दरवाजावर फाशी दिले. मंगोल दूतांची मुंडकी टांगली होती तोच हा दरवाजा. जमलेल्या लोकांनी आपल्यासाठी प्रार्थना म्हणावी, अशी विनंती करून तो फासाला सामोरा गेला, असे त्या काळी कैरोत राहणाऱ्या इब्न इयासने लिहून ठेवले आहे. इब्न इयासही ममलूकांचाच वंशज.

उस्मानी अमलाखालीही मुले विकत आणण्याची रीत चालू राहिली आणि ‘बे’ म्हणवणारे ममलूक सरदार इजिप्तमध्ये प्रबळ राहिले. १७९८ मध्ये पिरॅमिडांच्या लढाईत नेपोलियनने त्यांना हरवले. १ मार्च १८११ रोजी मुहम्मद अली पाशाने त्यांना समारंभासाठी कैरोच्या किल्ल्यात बोलावले आणि परतीच्या अरुंद वाटेवर दरवाजे बंद करून त्यांची कत्तल केली.

कलाऊन ‘हजारी’ याने १२८४–८५ मध्ये कैरोच्या भर वस्तीत मोठे रुग्णालय बांधले. तरुणपणी दमास्कसच्या रुग्णालयात त्याचा पोटशूळ बरा झाला होता; तेव्हा त्याने तसा नवस केला होता, असे सांगतात. बांधकाम वेठबिगारीने झाले, रस्त्याने जाणाऱ्यांनाही दगड वाहायला लावले, म्हणून काही धर्मनिष्ठांनी शेजारच्या मदरशात प्रार्थना करायचे नाकारले. रुग्णालय मात्र गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांना खुले होते, आणि वक्फाच्या उत्पन्नावर ते शतकानुशतके चालले. त्याच आवारात आजही एक नेत्ररुग्णालय आहे.